अंधाराचा सातबारा

दुर्बिणीच्या खोक्यात जे माहितीपत्रक निघतं, त्यातली पहिली सूचना ठरलेली असते : वस्तीपासून लांब, मोकळ्या आणि पूर्ण अंधाऱ्या जागी जा. हे पत्रक लिहिणारा गृहस्थ राजुरा तालुक्यात कधी आलेला नसावा. अशी जागा आमच्याकडे नाही, असं नाही. गाव सोडून विरूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांनी हवा तेवढा अंधार पसरलेला आहे. भाडं नाही, तिकीट नाही, कुंपण नाही. फक्त सातबाऱ्यावर नाव वाघाचं आहे.

२०२० साल आठवून पाहा. सारा देश एका कारणासाठी घरात बसला होता, राजुरा आणि विरूर वनपरिक्षेत्रातली गावं दोन कारणांसाठी बसली होती. दुसऱ्या कारणाचं सरकारी नाव आरटी-१. आठ माणसं गेल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस तो वाघ पिंजऱ्यात आला, तेव्हा कुठे लोकांनी कापूस वेचायला वावरात पाय ठेवला. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरासमोर कुणी थट्टा करत नाही. पण स्वतःच्या घरी मी ‘रात्री तारे पाहायला जाऊ’ म्हटलं, तेव्हा आमच्या आईनं तांदूळ निवडता निवडता विचारलं, “तारे पाह्यले चालला, का तारा व्हाले?”

या प्रश्नाला खगोलशास्त्रात उत्तर नाही.

तरी मी दिशावार विचार करून पाहिला. उत्तरेला बल्लारपूर आणि त्यामागे चंद्रपूर. रात्री आठ वाजता त्या बाजूचं आभाळ असं तांबूस असतं, की नवख्या माणसाला सूर्य परत येतोय असं वाटावं. ध्रुवतारा आमच्या अक्षांशावर क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर, म्हणजे नेमका त्या तांबूस पट्ट्यात. जो तारा कधी जागा सोडत नाही असं बाळाला गोष्टीत सांगायचं, तो दाखवायची वेळ आली की “तिकडंच हाय कुठंतरी” म्हणून बोट फिरवावं लागतं. पश्चिमेला गडचांदूरकडचे सिमेंटचे कारखाने. तिथं रात्रपाळी असते, आणि रात्रपाळीला दिवे लागतात, हे मान्य. खरी गंमत वेगळीच आहे. सास्तीकडच्या खाणींतून कोळसा निघतो, चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला आपण उजेड पुरवतो. त्या उजेडातला काही भाग वरच्या वर आपल्याच आभाळात सांडतो. पुण्या-मुंबईचे हौशी लोक ‘शहरात तारे दिसत नाहीत हो’ म्हणून उसासे टाकतात, तेव्हा मला सांगावंसं वाटतं, बापहो, ते झाकायला लागणारा कोळसा इथूनच येतो.

राहिली दक्षिण. दक्षिणेला जंगल, डोंगर आणि पलीकडे तेलंगणाची हद्द. १९५६ पर्यंत आम्हीही त्याच बाजूचे, हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातले. आभाळ अजून त्या बाजूचंच चांगलं आहे. अगस्ती तिकडेच उगवतो, उन्हाळ्यात वृश्चिक तिकडेच नांगी वर करून उभा राहतो, आणि मे महिन्यात ओमेगा सेंटॉरी नावाचा ताऱ्यांचा प्रचंड गोळा त्याच बाजूला बावीसेक अंश वर येतो. लंडनच्या माणसाला तो कधीच दिसत नाही. त्याच्या क्षितिजाखालीच राहतो. तर अशी ही दक्षिण दिशा. पण दक्षिण म्हणजे यमाची दिशा, आणि आरटी-१ चा मुलूखही तोच. धर्मशास्त्र आणि वनखातं यांचं एखाद्या गोष्टीवर इतकं एकमत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

दिशेचं मिटेना, तोवर तिथीचं निघालं. मराठी कुटुंब वर्षातून एकदा, कोजागरीला, स्वखुशीनं आभाळाखाली बसतं. गच्चीवर आटवलेलं दूध, चारोळी, केशर, आणि वर लख्ख चंद्र. तारे पाहायला याहून वाईट रात्र पंचांगात नाही. पौर्णिमेचा चंद्र बारीकसारीक तारे पुसून टाकतो, आणि स्वतःही काही दाखवत नाही. ऊन समोरून पडल्यामुळे विवरांच्या सावल्याच नाहीशा होतात, दुर्बिणीत नुसती पांढरी थाळी दिसते. चंद्र पाहायचा तर अष्टमीच्या आसपास, आणि तारे पाहायचे तर अमावस्या. म्हणजे शास्त्राला हवी ती रात्र नेमकी तीच, ज्या रात्री आमच्याकडे नवी चप्पलसुद्धा घेत नाहीत. ‘अमावस्येच्या रात्री, दक्षिणेला, जंगलाच्या कडेला, लेकराबाळांना घेऊन’ हे वाक्य आईसमोर सलग उच्चारायची माझी छाती झाली नाही. मी ते वेगवेगळ्या दिवशी, तुकड्या-तुकड्यांत सांगितलं.

परवानगी मिळवली ती मुलीनं. तिच्या हट्टापायी घरात आलेली दुर्बीण डॉब्सोनियन जातीची आहे. खाली लाकडी फिरती बैठक, वर जाड नळा, तळाशी आरसा. तिनं आजीला सांगितलं, की ही एका साधूनं काढली. ते खोटं नाही. जॉन डॉब्सन हा १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाला, जहाजाच्या खिडकीच्या जुन्या काचा घासघासून त्यानं आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवले, आणि दुर्बिणी ढकलत फूटपाथवर नेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवत सुटला. रामकृष्णांच्या परंपरेतला मठ म्हटल्यावर आईचा चेहरा निवळला. “मंग काय बिघडलं? साधूची वस्तू हाय. पाह्य म्हणा.” या दुर्बिणीच्या नादात मठातली कामं राहतात म्हणून १९६७ साली त्याला मठातून काढून टाकलं होतं, हे मुलीनं आजीला सांगितलं नाही. पोर हुशार आहे.

दुर्बीण घरात आल्याचं मोहल्ल्यात कळायला वेळ लागला नाही. राजुऱ्यात कुणाकडे नवीन वस्तू आली की ती पाहायला येणं हा शेजारधर्म आहे, आणि वस्तूबद्दल प्रश्न विचारणं हा हक्क.

“यातून वाघ दिसते का?” हा पहिला प्रश्न. दिसेल, पण उलटा. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं पडतं, आणि उलटा वाघ हा सुलट्या वाघाइतकाच जवळ असतो.

“किती किलोमीटरचं दिसते?” हा दुसरा. याचं खरं उत्तर सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. देवयानीतली दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब आहे आणि ती बिनदुर्बिणीची, नुसत्या डोळ्यांनी, अंधाऱ्या जागेवरून पुसटशी दिसते. “मंग दुर्बीण घेतली कायले?” असं शेजारच्या काकाजींनी विचारलं, आणि माझ्या बायकोनं ‘बरोबर’ अशा अर्थी माझ्याकडे पाहिलं.

एका शेजाऱ्यानं खोक्यावरचं चित्र पाहून निळ्या-गुलाबी ढगांची मागणी केली. ती चित्रं अवकाशातल्या दुर्बिणीनं तासन्‌तास प्रकाश साठवून काढलेली. आपल्या डोळ्याला अंधारात रंग कळत नाही, राखाडी दिसतं. मी हे समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट हाय.” आणि निघून गेला. स्वस्तातल्या दुर्बिणींवर तर ‘पाचशे पंचवीस पट मोठे दिसेल’ असं छापलेलं असतं. आरशाचा किंवा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याची दुप्पट करा, त्यापुढचं सगळं छापखान्याचं कर्तृत्व. साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून एकशेवीस पटींपलीकडे फक्त धूसरपणा मोठा होतो.

काकाजींनी मात्र मुद्द्याचं सांगितलं. “कायले वर पाह्यता जी? पडतेच न ते खाली.” त्यांचा रोख लाडबोरीकडे होता. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भभर आभाळातून जळत्या रेघा गेल्या. कुणी उल्का म्हटलं, कुणी विमान, कुणी आणखी काही. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ मात्र साधारण तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. पुढे इस्रोची माणसं येऊन पाहून गेली, आणि अभ्यासकांनी तो चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असं सांगितलं. सापडलेलं कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात जमा झालं. मला यात सगळ्यात आवडलं ते हेच. आभाळातून काहीही येवो, आपल्याकडे त्याला आधी ठाण्यात जावं लागतं.

शेवटी २०२५ च्या डिसेंबरातली अमावस्या ठरली, आणि जागा ठरली मेहुण्याचं वावर. तिथं विहिरीजवळ मोकळं आवार आहे, पलीकडे तूर, त्यापलीकडे झुडपी जंगल. वनरक्षकाला फोन करून विचारून घेतलं. तो म्हणाला, त्या भागात आठवडाभर काही हालचाल नाही, पण गाडीपासून लांब जाऊ नका. एवढ्या सूचनेवर खरं तर दुर्बीण, मुलगी आणि मी एवढ्यांनीच निघायला हवं होतं. पण मराठी कुटुंब कुठल्याही दिशेला निघालं की त्याची सहल होते, आणि विदर्भातलं कुटुंब वावराकडे निघालं की त्याचे रोडगे होतात. आई, बायको, मेहुणा, मेहुण्याची बायको, त्यांची पोरं, आणि योगायोगानं मुक्कामाला आलेले जवाईबापू. सोबत कणीक, वांगी, तूप, गोवऱ्या, सतरंज्या.

आकाशदर्शनाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, की डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यात पांढरा उजेड एकदा जरी डोळ्यांत गेला तरी पहिल्यापासून सुरुवात. म्हणून लाल कागद लावलेली बॅटरी वापरावी. मुलीनं लाल कागद लावलेली बॅटरी आणली होती. त्याच वेळी रोडग्यांसाठी गोवऱ्यांचा जाळ झाला होता, वांग्यात मीठ पडलं का ते मोबाइलच्या टॉर्चनं तपासणं चालू होतं, जवाईबापू फोनवर कुणाला तरी व्हिडिओ कॉल करून “अंधार दाखवत” होते, आणि मेहुणा दर थोड्या वेळानं गाडीचे हेडलाइट लावून तुरीकडे पाहून घेत होता. देवयानीची दीर्घिका नेमकी डोक्यावर होती, आणि गोवऱ्यांचा धूरही.

तरी शनी लागला. दुर्बीणवाल्यांच्या भाषेत ‘लागला’ म्हणजे चौकटीत आला. इथं मानापमानाचा प्रश्न उभा राहिला. पहिला मान जवाईबापूंचा. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे शंभर पटीच्या भिंगातून ग्रह दोनेक मिनिटांत आपणहून चौकटीबाहेर सरकतो. जवाईबापूंनी आधी टोपी काढली, मग चष्मा काढला, मग चष्मा कुणाकडे द्यावा याचा विचार केला, मग डोळा लावला, मग दुसरा डोळा हातानं झाकला, आणि म्हणाले, “वा!” शनी तोवर गेलेला होता. पण जवाई खोटं बोलतात असं सासुरवाडीत कुणी म्हणत नाही. मुलीनं पुन्हा लावला. मग मेहुणा. मग त्याची पोरं, त्यातल्या धाकट्यानं दुर्बिणीच्या नळ्याला लोंबकळून पाहिलं, पुन्हा लावला. त्या रात्री आमच्या घरात शनीच्या मागे जितके लोक लागले, तितका शनी आजवर कुणाच्या मागे लागला नसेल.

आता शनीची एक अडचण. वर्षानुवर्षं लोकांना सांगावं, की शनीला कडी आहेत, दुर्बिणीतून सगळ्यात देखणा तोच. आणि माणसं जमवावीत, तेव्हा नेमकी कडी नाहीशी व्हावीत. ती तिरपी असतात, आणि साधारण पंधरा वर्षांनी एकदा पृथ्वी त्यांच्या पातळीत येते. मग पत्र्याची कड समोर धरल्यावर पत्रा दिसत नाही, तसं होतं. २३ मार्च २०२५ ला तसं झालं होतं, आणि डिसेंबरातही कड्यांच्या जागी एक बारीकशी रेघ तेवढी होती. मुलगी बिचारी प्रत्येकाला हे सांगत होती. मेहुणा म्हणाला, “म्हणजे सीझन गेला म्हन.”

सगळ्यात शेवटी आईनं पाहिलं. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, नमस्कार केला, आणि ती बराच वेळ पाहत राहिली. मग सरळ झाली.

“हाच का शनी?”

“हाच, आजी.”

“एवढासा?” ती म्हणाली. “याच्यापायी मी इतके वर्स तेल वाह्यलं?”

दर शनिवारच्या त्या तेलाचा हिशेब तिनं मनातल्या मनात सुरू केला असावा, कारण रोडगे होईपर्यंत ती काही बोलली नाही.

जेवणं आटोपत आली तेव्हा शेजारच्या वावरातले दादा आले. ते गोंड. रात्री जागलीला असतात, रानडुकरं तुरीत शिरू नयेत म्हणून मचाणावर. शिवाय पंपाची लाइन पाळीपाळीनं रात्रीची येते, तेव्हा ओलितालाही रात्रीच उठावं लागतं. म्हणजे आकाशदर्शन ज्याला म्हणतात ते त्यांना सक्तीचं. मुलीनं कौतुकानं त्यांना दुर्बिणीतून गुरू दाखवला, शेजारचे चार चंद्रही दाखवले. त्यांनी पाहिलं, “चांगलं हाय” म्हणाले, आणि दुर्बिणीकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. मग पूर्वेला वर आलेल्या मृगाकडे हात करून म्हणाले, तो नांगर. आणि आकाशगंगा? ती ढोरांची वाट. आणि मध्यरात्रीनंतर पुरते वर येतात ते सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज, ती चोरायला तीन चोर आलेत. हे नुसतं गप्पांतलं नाही. गणेश हलकारे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून हे सगळं टिपून घेतलं आणि २०१३ साली शोधनिबंधात छापलं. त्यात नांगर आहे, बाज आहे, चोर आहेत, ढोरांची वाटही आहे. गंमत अशी, की यातलं एकही दुर्बिणीत मावत नाही. बाज पाहायची तर दुर्बीण बाजूला ठेवावी लागते. काकाजींचं ‘मंग घेतली कायले’ मला पुन्हा आठवलं, पण मी ते बायकोला सांगितलं नाही.

दादा गेले आणि थोड्या वेळानं तुरीत खसफस झाली.

आमचं कुटुंब कुठल्याही बाबतीत एकदिलानं वागत नाही. लग्नाच्या पंगतीला निघायचं तरी तासभर जातो. पण त्या खसफशीनंतर आई, जवाईबापू, पोरं, तूप आणि सतरंज्या अशी सगळी मंडळी गाडीत केव्हा बसली ते कळलं नाही. दरवाजे बंद. मेहुणा हेडलाइट लावणार, तर त्याच्या बायकोनं हात धरला. “नका लावू, मंग इकडंच येईन ते.” यामागे काय शास्त्र होतं देव जाणे, पण सगळ्यांना पटलं. मोबाइल बंद झाले. जाळ विझत आला होता. बाहेर दुर्बीण एकटी गुरूकडे तोंड करून उभी. आत आम्ही, हूं की चूं न करता, काळोखात.

आणि असा अर्धा तास गेला.

पुस्तकातला तो अर्धा तास, जो आम्हाला एरवी कधीच जमला नसता, तो असा जमला. प्रथम धाकट्याच्या लक्षात आलं. “पप्पा, काचेतून पाह्य.” समोरच्या काचेतून दक्षिणेचं आभाळ दिसत होतं, आणि त्यात इतके तारे होते, की मृग त्या गर्दीत शोधावा लागला. ढोरांची वाट वरून खाली जंगलापर्यंत गेलेली दिसली. अगस्ती झाडांवर आला होता. कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नाही, कारण बोलायची बंदी होती. हे एक फार चांगलं झालं. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत मला एकच त्रास असतो, तो समजावून सांगणाऱ्यांचा. त्यात मीही आलो. रानडुकरं तुरीतून निघून गेली, तरी कुणी लगेच खाली उतरलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. आपल्याकडे अंधार राखतो तो वाघ. माणसाच्या हाती जो जो अंधार लागला, तिथं त्यानं हायमास्ट उभा केला. जिथं वाघ आहे तिथं जमीन एनए होत नाही, ढाबा उघडत नाही, लॉनवर लग्न लागत नाही, आणि त्यामुळे आभाळ जागेवर राहतं. हे माझंच म्हणणं नाही. जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ जाहीर झालं, आशियातलं पाचवं. हा मान ना एखाद्या वेधशाळेला मिळाला, ना विद्यापीठाला. तो मिळाला आमच्याच विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला. निवड समितीनं वाघाला विचारलं नसेल, पण सही त्याचीच समजावी.

तर मंडळी, हिवाळ्यात राजुऱ्याकडे येणार असाल तर अमावस्या धरून या, आधी वनरक्षकाला विचारा, गाडीपासून दहा पावलांच्या आत राहा, आणि रोडगे दिवसाच उरकून घ्या. दुर्बीण आणली नाही तरी चालेल. आणि आमच्या आसपासच्या ग्रामपंचायतींना एक हात जोडून विनंती. चौकात हायमास्ट जरूर लावा, बायाबापड्यांना रात्री त्याचा आधार वाटतो. फक्त त्याच्या डोक्यावर एक पत्र्याची टोपी बसवा, म्हणजे उजेड खाली रस्त्यावर पडेल. वर कुणी चालत नाही.